नाव आमचं, उत्पन्न कुणाचं?

(पिंगळी, जि. परभणी येथे झालेल्या शेतकरी बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज कापूस आणि सोयाबीनच्या भावावर बोलायचं ठरलं होतं. ते आपण दुपारच्या सत्रात बोलणार आहोतच. पण सकाळी मंडपात पाय ठेवल्यापासून वेगवेगळ्या गावच्या लोकांनी एकाच तऱ्हेचे कागद आमच्या हातात दिले. कुणाला तहसीलची वसुली नोटीस आहे, कुणाला आयकर खात्याचं पत्र आहे, कुणाचं नाव किसान सन्मानच्या यादीतून गळालंय. सगळ्यांचं म्हणणं एकच, "आम्ही कधी आयकर भरला नाही, मग आमच्या नावावर हा आला कुठून?" तेव्हा आधी हा विषय संपवू.

पिंगळीला रेल्वेचं स्टेशन आहे, म्हणून तुम्हाला बिल्टी सांगायला नको. बिल्टीवर ज्याचं नाव, माल त्याचा. उद्या तुमच्या नावाची बिल्टी करून कुणी चोरीचा माल पाठवला, तर पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात येतील. पॅन कार्डाचंही तसंच आहे. तुमच्या पॅनवर कुणी उत्पन्न लिहिलं, की सरकारच्या दप्तरी ते तुमचं. खरं काय ते सांगायचं काम मग तुमच्यावर येतं.

एका शेतकऱ्याची गोष्ट

याच जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही, त्यांनी तसं सांगितलंय. पाच एकर जमीन, त्यात कापूस, तूर आणि थोडं सोयाबीन. २०१९ च्या फेब्रुवारीत किसान सन्मान योजना सुरू झाली, दोन-दोन हजारांचे हप्ते यायला लागले. पाच हप्ते आले. २०२० च्या शेवटी तहसीलची नोटीस आली : तुम्ही आयकरदाते आहात, दहा हजार रुपये परत भरा.

ते आमच्याकडे आले तेव्हा हात थरथरत होते. म्हणाले, "साहेब, म्या त्या हापिसाची पायरी कव्हा चढलो नाही. माझ्याजवळ पॅन कार्ड हाय ते बी बँकेनं मागितलं म्हणून काढलेलं."

आम्ही शेतीशास्त्राचे पदवीधर. कपाशीवर मावा आहे की तुडतुडा, हे पान उलटून सांगू. आयकराचं आम्हालाही काही कळत नव्हतं. मग एका ओळखीच्या सल्लागाराकडे बसलो आणि त्यांच्या पॅनचा २६एएस नावाचा उतारा काढला. सातबारा जसा जमिनीचा, तसा हा उतारा पॅनचा. तुमच्या नावाने कुणी किती रक्कम दाखवली आणि त्यातून किती कर कापून सरकारात भरला, ते त्यात दिसतं. त्यात एका कंत्राटदाराचं नाव होतं. २०१७-१८ या वर्षात या शेतकऱ्याला मजूर-वाहतुकीच्या कामाचे ६,४०,००० रुपये दिले, त्यावर १ टक्क्याने ६,४०० रुपये कर कापला, अशी नोंद. एक रुपया मिळालेला नाही, एक दिवस काम केलेलं नाही.

पुढचा उतारा पाहिला तर त्यांच्या नावाचं रिटर्नही भरलेलं. उत्पन्न ३,७०,००० रुपये. त्या वर्षीच्या दराने त्यावर उपकरासह कर होतो ६,१८० रुपये. कापलेल्या ६,४०० मधून तो वळता केलेला आणि २२० रुपये परत मागितलेले. परताव्यासाठी दिलेला खाते क्रमांक त्यांचा नाही. मोबाईल त्यांचा नाही. ईमेल तर त्यांच्या सात पिढ्यांत कुणाचा नाही.

हे कशासाठी? कंत्राटदाराला स्वतःचा नफा कमी दाखवायचा होता. साडेसहा लाखांचा खर्च दाखवला की तेवढा नफा कमी होतो आणि त्यावरचा कर वाचतो. पण खर्च कुणाला तरी दिलेला दाखवावा लागतो. मग कामावर आलेल्या, ट्रॅक्टर भाड्याने दिलेल्या, कधीतरी पॅनची झेरॉक्स दिलेल्या माणसांची नावं निघतात. खर्च खरा वाटावा म्हणून मुनीम त्या माणसाचं रिटर्नही स्वतःच भरून टाकतो. कंत्राटदाराचा कर वाचला आणि शेतकरी आयकरदाता झाला.

'आयकरदाता' या शिक्क्याची किंमत

कुणी म्हणेल, सहा हजाराचा कर तर कंत्राटदाराच्या खिशातूनच गेला, आपलं काय गेलं? काय गेलं ते ऐका.

किसान सन्मानच्या नियमात, मागच्या कर आकारणी वर्षात आयकर भरलेला माणूस अपात्र आहे. २०२३ पासून राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधी जोडला, तोही त्याच यादीवर चालतो. २०१७ च्या कर्जमाफीतून आयकरदाते वगळले होते. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दोन लाखांपर्यंतच्या महात्मा फुले कर्जमुक्ती योजनेतही, शेतीबाहेरच्या उत्पन्नावर आयकर भरणारे वगळले होते. म्हणजे एका खोट्या रिटर्नने माणूस अनेक दारांतून एकदम बाहेर पडतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी संसदेत आकडा दिला : देशात ४२ लाखांवर अपात्र लोकांना किसान सन्मानचे जवळपास ३,००० कोटी रुपये गेले. त्यात महाराष्ट्रातले सुमारे ४ लाख ४५ हजार. यात खरोखरचे नोकरदार आणि आयकर भरणारे होते, त्यांनी पैसे परत करावेत, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण त्या यादीत आपल्या या शेतकऱ्यासारखा एकजण असला, तरी त्याला आपली बाजू मांडायची जागा हवी. यादी यंत्रातून निघते. यंत्र विचारत नाही की बाबा, हे उत्पन्न खरंच तुझं होतं का?

शेतीच्या आडोशाने

दुसऱ्याचं खोटं उत्पन्न आपल्या माथी येतं, तसं दुसऱ्याचं खरं काळं उत्पन्न शेतीच्या नावाखाली लपतं. हेही समजून घ्या, कारण दोन्हींचा मार आपल्यालाच बसतो.

आपल्या राज्यघटनेत केंद्राला आयकर लावायचा अधिकार आहे तो शेतीचं उत्पन्न सोडून. शेती उत्पन्नावरचा कर हा राज्याच्या यादीतला विषय. म्हणूनच १९६१ च्या आयकर कायद्याने शेतीचं उत्पन्न करमुक्त ठेवलं. आता २०२५ चा नवा कायदा झाला, तो १ एप्रिल २०२६ पासून लागू. कलमांचे आकडे बदलले, शेतीची सूट तिथेही कायम आहे. एक बारीक गोष्ट मात्र आहे. १९७३ पासून, ज्याला शेतीबाहेरचं करपात्र उत्पन्न आहे त्याचं शेती उत्पन्न दर ठरवताना बेरजेत धरतात. निव्वळ शेती करणाऱ्याला त्याचा काही संबंध नाही.

ही सूट आपल्याला मिळाली ती कुणी मेहेरबानी केली म्हणून नाही. पाऊस, कीड आणि बाजार यांच्यात उरतं काय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण सुटीचा आडोसा धरला दुसऱ्यांनीच. २०१६ मध्ये आयकर खात्याने नऊ वर्षांची रिटर्नं चाळली, तेव्हा वर्षाला एक कोटीच्या वर शेती उत्पन्न दाखवणारी २,७४६ प्रकरणं निघाली. बंगळूर, दिल्ली, कोलकाता, मुंबई, पुणे ही शहरं त्यात पुढे! यातली काही आकडे टाईप करतानाची चूक असेल, तेही तपासायला सांगितलं होतं. पुढे २०१९ मध्ये महालेखापरीक्षकांनी शेती उत्पन्नाची सूट दिलेली ६,७७८ प्रकरणं तपासली. त्यातल्या २२.५ टक्के प्रकरणांत पुरेसे कागद न पाहताच सूट दिलेली आढळली.

परभणीच्या काळ्या रानात एक कोटीचं निव्वळ उत्पन्न काढायला किती एकर लागतील, याचा हिशोब तुम्ही करा. आम्ही एकदा मांडला होता आणि हसून सोडून दिला. पण असे आकडे छापून आले की शहरातले विद्वान म्हणतात, शेतकऱ्यावर कर लावा. चोरी एकाची, आणि बोट आपल्याकडे.

आपलंही चुकतं

आता थोडं कडू बोलतो. राग धरू नका.

२०१७ च्या तूर खरेदीत, व्यापाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर आपली तूर हमीभावाने घातल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या. तो सातबारा व्यापाऱ्याला दिला कुणी? आपल्यातल्याच कुणीतरी, क्विंटलमागे थोड्या पैशासाठी किंवा उधारीच्या दबावाखाली. चुकारा आपल्या खात्यात आला, आपण काढून व्यापाऱ्याच्या हातात दिला. बँकेच्या वहीत मात्र तो आपल्याच नावावर राहिला. एका वर्षात बचत खात्यांत दहा लाख किंवा त्याहून जास्त रोकड भरली गेली, तर बँक ते आयकर खात्याला कळवते. मोठ्या किमतीची खरेदी-विक्री झाली, तर दुय्यम निबंधक कळवतो. तेव्हा "खातं तेवढं वापरू दे" असं भाचा म्हणाला काय आणि आडत्या म्हणाला काय, उत्तर एकच हवं : नाही.

आमचीही चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी पीक विम्याचे अर्ज भरायला आम्हीच शिबिर घेतलं. आधार, पॅन, पासबुक, सगळ्यांच्या झेरॉक्स गोळा केल्या. अर्ज भरले, आणि उरलेला गठ्ठा एका हॉटेलच्या टेबलावर विसरून आम्ही पुढच्या गावी गेलो. दुसऱ्या दिवशी परत आलो तर तो गठ्ठा भजी बांधायला निघाला होता. तेव्हा सगळे हसलो. आज त्या शेतकऱ्याची नोटीस पाहिल्यावर हसू येत नाही. तेव्हापासून आमच्या शिबिरात झेरॉक्सवर काय कामासाठी दिली ते आणि तारीख आडवी लिहून सही घेतो, आणि उरलेली झेरॉक्स मालकाच्या हातात परत देतो.

गंगाखेडचं उदाहरण तर आपल्या शेजारचंच आहे. तिथल्या साखर कारखान्याच्या प्रकरणात, ऊस तोडणी-वाहतुकीच्या नावाखाली शेतकऱ्यांच्या नावे बँकांतून परस्पर कर्जं उचलल्याचा आरोप झाला. २०१७ मध्ये गुन्हा नोंदला गेला, २०२० मध्ये सक्तवसुली संचालनालयाने २५५ कोटींची मालमत्ता जप्त केली. दोष कुणाचा हे न्यायालयाने ठरवायचं. आपण एवढंच शिकायचं की आपला कागद आपल्या हातून सुटला, की तो कुठे जातो यावर आपला ताबा राहत नाही.

करायचं काय?

आता वही काढा. पोरांना लिहून घ्यायला सांगा.

पहिलं. नोटीस आली तर फाडू नका, लपवूही नका. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या प्रत्येक पत्रावर एक ओळख क्रमांक असतो. तो खात्याच्या संकेतस्थळावर टाकला की पत्र खरं का बनावट ते कळतं. फोनवरून कुणी "कर भरा नाहीतर अटक" म्हणत असेल, तर तो भामटा समजा. पत्र खरं असेल तर दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. गप्प बसलात तर अधिकारी त्याच्याकडच्या माहितीवर एकतर्फी आकारणी करू शकतो. मग न झालेल्या उत्पन्नावर कर, व्याज आणि दंड.

दुसरं. आपल्या पॅनचं खातं आपल्याच ताब्यात घ्या. दुसऱ्याने आपल्या नावाने खातं उघडलेलं असेल, तर आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी मागवून पासवर्ड बदलता येतो. मग मोबाईल आणि ईमेल आपले टाका. आपल्या नावाने कोणकोणत्या वर्षी रिटर्न भरलं गेलं, ते तिथेच दिसतं. भरलेलं रिटर्न पडताळलेलं नसेल, तर ते धरलं जात नाही.

तिसरं. २६एएस काढा आणि एआयएस नावाचं वार्षिक माहिती विवरणही काढा. हे विवरण २०२१ पासून मिळतं. त्यात प्रत्येक नोंदीसमोर उत्तर द्यायची सोय आहे. नोंद तुमची नसेल तर ती नाकारता येते, किंवा दुसऱ्या पॅनची आहे असं कळवता येतं. ज्याने नोंद केली त्याच्याकडे ती खात्रीसाठी जाते. त्याचा छापील उतारा जपून ठेवा.

चौथं. ज्याने खोटी रक्कम दाखवली त्याला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा : हे काम मी केलं नाही, ही रक्कम मला मिळाली नाही, तुमचं टीडीएस विवरण दुरुस्त करा. दुरुस्तीला कायद्याने मुदत असते, म्हणून पत्र आजच टाका. एक प्रत आयकर अधिकाऱ्याला द्या. बँकेचा त्या वर्षाचा उतारा जोडा, म्हणजे पैसे आले नाहीत हे दिसेल. रिटर्नच खोटं असेल, तर ते मी भरलेलं नाही असं प्रतिज्ञापत्र आपल्या भागाच्या अधिकाऱ्याकडे पोच घेऊन द्या.

पाचवं, आणि हे अगदी पक्कं लक्षात ठेवा. तुमच्या नावावर कापलेला कर परत मागू नका. गावोगाव दलाल फिरतात : "तुमचे सहा हजार सरकारकडे पडलेत, मी काढून देतो, अर्धे माझे." तो परतावा घेतला, की ते उत्पन्न माझंच होतं हे तुम्ही सहीनिशी कबूल केलं. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभर अशा दलालांवर कारवाई केली. त्या वेळी खात्याने सांगितलं, की हे लोक रिटर्नं भरण्यापुरते तात्पुरते ईमेल काढतात आणि नंतर सोडून देतात. नोटीस त्या बेवारस पत्त्यावर जाते आणि करदात्याला पत्ताच नसतो.

सहावं. तोतयेगिरी आणि बनावट कागद हा फौजदारी गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत त्याची कलमं आहेत, आणि दुसऱ्याची ओळख चोरून वापरल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

सातवं. तहसीलला वेगळा अर्ज द्या. आयकर खात्यात दुरुस्ती झाली म्हणजे किसान सन्मानची यादी आपोआप सुधारेल, या भरवशावर राहू नका. प्रत्येक दारावर आपल्यालाच कागद घेऊन उभं राहावं लागतं.

ओटीपी म्हणजे अंगठा

१८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी सावकारांच्या घरातली कर्जखतं काढून जाळली. ज्या कागदांवर आपला अंगठा आहे, पण आत लिहिलेलं काय ते आपल्याला वाचता येत नाही, असे ते कागद होते. १८७९ च्या कायद्याने मग खतं नोंदणी करणाऱ्यासमोर लिहावीत आणि सावकाराने पावती व हिशोब द्यावा, अशी तरतूद आली. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. तो कायदाही इथे लागू नव्हता.

आज अंगठ्याची जागा ओटीपीने घेतलीय. रिटर्न पडताळताना बहुतेक वेळा आधारचा ओटीपीच लागतो. "काका, एक नंबर आला असंल, सांगा जरा," असं कुणी म्हणालं की आपण चष्मा लावून सांगून टाकतो. तो नंबर सांगणं म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा देणं आहे. आपल्या आज्याने दिला तो नाइलाजाने. आपण देऊ नये. कशासाठी नंबर हवा ते विचारा. संदेशातला मजकूर पोराकडून वाचून घ्या, पटलं तरच सांगा.

आता त्या शेतकऱ्याचं काय झालं ते सांगून थांबतो. कंत्राटदाराच्या मुनिमाने आधी दोन हजार रुपये पुढे केले आणि "विषय मिटवा" म्हणाला. त्यांनी ते घेतले नाहीत. पुढे पत्रं गेली, प्रतिज्ञापत्र गेलं, अधिकाऱ्याकडे प्रत गेली, तेव्हा कंत्राटदाराने विवरण दुरुस्त केलं. चौदा महिने लागले. तहसीलने वसुली थांबवली आणि हप्ते पुन्हा सुरू झाले. पण तोवर कर्जमुक्तीची यादी बंद झालेली होती. त्यांना त्यांचं पीककर्ज व्याजासकट भरावं लागलं, त्यासाठी दुभती म्हैस विकावी लागली. ती म्हैस कुणी परत आणून देणार नाही.

म्हणून आमचं सांगणं एवढंच, की नोटिशीची वाट पाहू नका. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने घरातली पॅन कार्डं मोजा. बायकोच्या, म्हाताऱ्या आईच्या नावाचीही मोजा, कारण ती तर कुणीच तपासत नाही. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पॅनचा उतारा घेऊन या. इथल्या शिकलेल्या पोरांनी दर रविवारी दोन तास मारुतीच्या पारावर बसावं आणि मोबाईलवर हे उतारे काढून द्यावेत. फी घ्यायची नाही आणि झेरॉक्स ठेवून घ्यायची नाही. कोण कोण बसणार त्यांनी आत्ताच हात वर करावेत, नावं लिहून घेतो.